जाड कागदाची घडी

बुधवारी दुपारी मी मामाचा चष्मा शोधत होते. रविवारी त्याने मागितला होता. सोमवारी रक्ताच्या तपासण्यांच्या चिठ्ठ्या घेऊन धावण्यात मी विसरले, आणि मंगळवारी त्याला अतिदक्षता विभागात हलवल्यावर तिथे चष्म्याचं काय काम, असं मीच ठरवून टाकलं. बुधवारी मात्र सकाळपासून मनाने घेतलं होतं, की चष्मा नेलाच पाहिजे, तो उशाशी ठेवला की मामा डोळे उघडेल आणि म्हणेल, "आण इकडं, पाहू काय लिहिलं..." शहराबाहेरच्या दवाखान्यातून ऑटोने मी वर्ध्याला घरी आले. खिडकीच्या कोनाड्यात पाहिलं, कपाटावर पाहिलं, शेवटी त्याच्या खाटेखालच्या पत्र्याच्या डब्यात चष्मा सापडला, एका काडीला काळा दोरा गुंडाळलेला. तेवढ्यात आईचा फोन आला. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "चष्मा राहू दे आता." मी विचारलं, "काऊन?" विचारण्यासारखं खरं तर काही उरलं नव्हतं.

या गोष्टीला पाच आठवडे झाले. लहानूमामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. मूळचा वडनेरचा, पण मिसरूड फुटायच्या आधी वर्ध्याला आला आणि एका लहान छापखान्यात रूळ पुसायला लागला. तिथेच लाकडी केसमधले अक्षरांचे खिळे जुळवायला शिकला, तिथेच ट्रेडल मशीन चालवायला शिकला आणि तिथेच म्हातारा झाला. मी तीन वर्षांची असताना माझे वडील गेले आणि आई मला घेऊन भावाकडे राहायला आली. मामी त्याआधीच वारली होती, मूल नव्हतं. दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत मामाची खाट आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. आतल्या खोलीत आम्ही दोघी.

माझी बाराखडी पत्रकांवर झाली. छपाईत खराब निघालेले ताव मामा घरी आणायचा. कुठे शाई जास्त बसलेली, कुठे ओळ वाकडी गेलेली. त्यावर जिनिंगच्या कामगारांचा संप असायचा, दारूच्या दुकानाविरुद्ध बायकांचा मोर्चा असायचा, धम्म परिषदेचं आवतण असायचं. संध्याकाळी तो मला ते मोठ्याने वाचायला लावायचा आणि स्वतः डोळे मिटून ऐकायचा. मला वाटे त्याला झोप लागली. मग मध्येच म्हणायचा, "थांब. 'संघर्ष' म्हणताना अडखळली तू. पाह्य बरं, अनुस्वार पडला काय तिथं?" आणि अनुस्वार खरंच पडलेला असायचा. बाकीच्या पोरी गोष्टींची पुस्तकं वाचत होत्या तेव्हा मी "बंधू-भगिनींनो, जागे व्हा!" वाचत होते. पुढे तसंच लिहायलाही लागले. बारावीत असताना मी पहिलं पत्रक लिहिलं, वसतिगृहातल्या मुलींच्या जेवणाबद्दल. मामाने ते हातात घेतलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "काय संपादक, उद्गारचिन्हाचे खिळे आपल्या केसमंधी सात हायेत. तू एका ओळीत तीन वापरून राह्यली. बाकीच्या जिल्ह्याले काय देऊ मी?" तेव्हापासून मी त्याच्यासाठी 'संपादक'च राहिले. छापखान्यात ऑफसेट आलं, खिळे भंगारात गेले, पण माझं प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी मामाच्या हातून जायचं. तो दोनच गोष्टी सांगायचा. एक, उद्गार कमी कर, समोरचा माणूस बहिरा नाई. आणि दुसरी, कागद जाड घे. "पातळ कागद घामानं विरते, संपादक." मी एकदा विचारलं, "कोणाच्या घामानं?" तर कागदाची कड चाचपत म्हणाला, "लोकाईच्या हातच्या. लोक काय तुहं पत्रक पेटीत ठेवते काय?" छापखान्यात आयुष्य काढलेला माणूस बोलतो आहे, असं समजून मी दरवेळी जाड कागद घेतला.

मामाची एक सवय होती. दिवसातून दोन-तीनदा तो खाटेवर उताणा पडायचा आणि दोन्ही पाय उचलून टाचा भिंतीला लावायचा. "दोन मिनिटं पडतो व, आलोच." छापखान्यातही दुपारी कागदाच्या गठ्ठ्यांवर तो असाच पडायचा. घरातल्या भिंतीवर त्याच्या टाचांचे दोन काळपट गोल उमटलेले होते. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी आम्ही घराला चुना मारायचो आणि पावसाळा लागेपर्यंत ते गोल पुन्हा उमटलेले असायचे. लहानपणी मी त्यांना डोळे काढायचे. मामाला आळशी म्हणायचे. "पाहुणा आला होता," तो हसून सांगायचा, "त्याले घरात पाठोलं." जन्मभर एका पायावर उभं राहून दुसऱ्याने ट्रेडल मारलेल्या माणसाची कंबर दुखत असणार आणि त्या दुखण्याला तो पाहुणा म्हणत असणार, असा मी माझ्यापुरता अर्थ लावला होता. कधी विचारलं नाही. मी, जी शाळेच्या मुख्याध्यापकांना, तहसीलच्या बाबूंना, गावच्या सरपंचांना भर सभेत प्रश्न विचारते...

तो पाहुणा कंबरेचा नव्हता. मामाच्या उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ होती. तिला अंतर्गळ म्हणतात, आपण सगळे हर्निया म्हणतो. तिथली पोटाची भिंत सैल होते आणि आतला भाग त्या जागेतून बाहेर डोकावतो. शिशाच्या खिळ्यांचे फर्मे उचलून, कागदाचे गठ्ठे वाहून त्याला ती पंचवीस वर्षांपूर्वीच झाली होती. पडून, पाय वर करून, बोटांनी हळूहळू दाबली की ती आत जायची. मग तो त्या जागेवर एक घडी ठेवायचा आणि वरून लंगोट कसून बांधायचा. हे आईला माहीत होतं. भावाने तिला कधी सांगितलं नाही, तिने कधी विचारलं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी ती जुन्या सुती लुगड्याच्या तळहाताएवढ्या पिशव्या शिवायची आणि त्याच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून द्यायची. तो काढून घ्यायचा. पंचवीस वर्षं त्या दोघांमध्ये या विषयावर एक शब्द झाला नाही. आणि एकाच घरात राहून, आईला त्या पिशव्या शिवताना पाहून, मी समजत होते, की त्या मसाल्याच्या आहेत.

आता मामा गेला त्याच्या आदल्या आठवड्यातल्या मंगळवारचं सांगायला हवं. मी ते टाळत इथवर आले.

कापूस वेचणाऱ्या बायकांसाठी आम्ही कार्यकर्त्यांनी एक पत्रक काढलं होतं. शेतात सावली, प्यायला पाणी, आजारपणाची सुट्टी अशा मागण्या होत्या. वर मोठ्या अक्षरात मथळा होता, "दुखणं अंगावर काढू नका!" गुरुवारी हिंगणीला सभा होती. मंगळवारी गठ्ठा छापून आला आणि तो एस.टी.ने हिंगणीला नेऊन वाटायचं काम नेहमीप्रमाणे मामाचं होतं. त्या सकाळी तो भिंतीला टाचा लावून बराच वेळ पडून होता. मी टेबलाशी गुरुवारचं भाषण लिहीत होते. मान वर न करता म्हटलं, "मामा, बस जाईल ना." तो म्हणाला, "आलो व. आज पाहुणा जरा हट्टी हाये." मी हसले. तो उठला, चेहरा राखेसारखा झाला होता. हे मला दिसलं. दिसलं आणि मी पुन्हा कागदाकडे पाहिलं. तो गठ्ठा खांद्याला लावून गेला आणि दुपारभर वस्तीवस्तीत पत्रकं वाटून संध्याकाळच्या बसने परत आला. भाकरी अर्धी ठेवली. बुधवारी पडूनच राहिला. "काय होते?" आईने दारातून विचारलं. "काई नाई, मांडीत ओढल्यासारखं होते." गुरुवारी मी हिंगणीला गेले आणि त्या बायकांपुढे हात उंचावून म्हणाले, की दुखणं लपवणं म्हणजे मालकाला मदत करणं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आले तेव्हा मामा भिंतीकडे तोंड करून, गुडघा पोटाशी घेऊन निजला होता. मी पांघरूण घातलं. शुक्रवारी सकाळी तो तापाने फणफणला होता, पाय सरळ होत नव्हता आणि तेव्हा पहिल्यांदा त्याने बहिणीला हाक मारून सांगितलं, "सुमन, थे आत नाई जाऊन राह्यलं. मंगळवारपासून."

इतके दिवस तो का थांबला? मामाचा एक नियम होता. छापखान्यातला त्याचा एक जुना सोबती याच दुखण्याने गेला होता, आतडं अडकून. त्याला ओकाऱ्या झाल्या होत्या, पोट ढोलासारखं फुगलं होतं. ते पाहून मामाने मनाशी पक्कं केलं होतं, की ओकारी आली आणि पोट फुगलं तर दवाखाना. तोवर भिंत आहे आणि घडी आहे. त्या तीन दिवसांत त्याला ओकारी आली नाही. पोट साफ होत होतं. म्हणून तो दाबत राहिला... सुजलेल्या जागेला बोटांनी आत ढकलत राहिला.

दवाखान्यात त्याला तपासायला आली ती एक तरुण सर्जन बाई. मामाने धोतर घट्ट धरून ठेवलं होतं. "माह्या भाचीच्या वयाची हाये हो ही," तो परिचारिकेला म्हणाला. बाईंना ते ऐकू गेलं. त्या म्हणाल्या, "मग भाचीला दाखवता तसं दाखवा, बाबा." मामा म्हणाला, "भाचीले दाखवलं असतं तर इथं आलो असतो काय?" पडद्याबाहेर उभी राहून मी हे ऐकलं. आतमध्ये सगळे हसले होते, मामासुद्धा.

दुपारी ऑपरेशन झालं. बाईंनी बाहेर येऊन थोडक्यात सांगितलं, की गाठीत आतडं नव्हतं, अपेंडिक्स होतं; ते फुटलं होतं, काढून टाकलं; जागा धुऊन टाके घातले; जाळी बसवली नाही. माझ्या डोक्यात बाकी काही शिरलं नाही, एवढंच शिरलं. जाळी बसवली नाही. हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये सैल भिंतीला आधार म्हणून जाळी बसवतात हे मी फोनवर वाचलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या माणसानेही सांगितलं, "मले तं जाळी टाकली बाप्पा. काकाले काऊन नाई टाकली?" काऊन? उत्तर माझ्याकडे तयारच होतं. लहानपणापासून मी तेच वाचत आले होते. शनिवारभर ते डोक्यात उकळत राहिलं आणि रविवारी मी मामाच्या पायथ्याशी बसून, त्याच हिंगणीच्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर मथळा लिहिला. "गरिबाच्या पोटाला जाळी का नाही!!!" खाली बारीक अक्षरात पाऊण पान लिहिलं.

मामा जागा होता. "दाखव," म्हणाला. चष्मा नव्हता, पण मथळा मोठा होता. त्याने कागद हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि अंगठ्याच्या नखाने तिन्ही उद्गारचिन्हांवर एक रेघ ओढली. जुनी सवय. मग विचारलं, "त्या पोरीले विचारलं काय?"

"काय विचारायचं? दिसत नाही का तुला?"

"मले चष्म्याबिगर काईच दिसत नाई," तो म्हणाला. "तुले तरी दिसते. जा, आधी विचारून ये. मंग छाप."

मी तावातावाने गेले. बाई चहाचा कप हातात घेऊन उभ्या होत्या, डोळे लाल झालेले. मी विचारलं तसं त्यांनी माझ्या हातातलाच कागद घेतला, त्याच्या मोकळ्या कोपऱ्यात पेनाने एक पिशवी काढली आणि त्या पिशवीत गांडुळासारखं एक शेपूट. म्हणाल्या, "हे अपेंडिक्स. हर्नियाच्या पिशवीत ते उतरलेलं फार क्वचित सापडतं. आतडं अडकलं असतं तर रस्ताच बंद झाला असता, उलट्या झाल्या असत्या, तुम्ही त्याच दिवशी धावत आला असता. पण ही पुढे तोंड नसलेली गल्ली आहे. ती अडकली तरी मोठा रस्ता चालूच राहतो, आणि माणूस फसतो. अपेंडिक्स चांगलं असतं तर जाळी बसवली असती. पण तिथे पू होता. जाळी म्हणजे बाहेरची वस्तू, पू झालेल्या जागी ती टाकली तर तिच्यातच जंतू घर करतात. म्हणून नुसते टाके. ते सैल पडले, गाठ पुन्हा आली, तर सगळं बरं झाल्यावर जाळी बसवता येईल." मग कागद परत देताना त्यांची नजर मथळ्यावर गेली. मीच विचारलं, "मंगळवारी आणलं असतं तर?" त्यांनी कप खाली ठेवला. "मंगळवारी काम सोपं गेलं असतं. त्यांना साखरेचा आजार आहे, खात्री तेव्हाही दिली नसती मी. पण सोपं गेलं असतं."

मी परत येऊन मामाजवळ बसले. त्याला चित्र दाखवलं. "बरोबर सांगितलं तिनं," तो म्हणाला, जणू प्रूफ तपासून झालं होतं. मी विचारलं, "मामा, मला काऊन नाही सांगितलं? इतकी वर्षं?" तो म्हणाला, "तू लिहीत होती व. आन हे काय लिहिण्यासारखं दुखणं हाये? मोर्च्यात काय म्हणशीन, माह्या मामाच्या जांघेत..." हसायला गेला आणि टाक्यांवर हात दाबून कळवळला. थोड्या वेळाने म्हणाला, "पुन्हा लिही. त्या पोरीनं सांगितलं तसं लिही. आन घरून चष्मा आणजो, मी पाहून देतो."

सोमवारी त्याचं बोलणं असंबद्ध झालं. जंतू रक्तात गेले होते, मूत्रपिंडं थांबत होती. मंगळवारी तो कोणालाच ओळखेना. बुधवारी चष्मा माझ्या हातात होता.

मला एक गुन्हेगार हवा होता. सगळी हयात ज्यांच्याकडे बोट दाखवायला मी शिकले, त्यातला कोणीतरी. मिळाला असता तर बरं झालं असतं, मी त्याच्याविरुद्ध लिहीत राहिले असते. पण पडद्याआड धोतर घट्ट धरून ठेवायला त्या हाताला कोणी लावलं होतं? पुरुषाने कमरेखालचं दुखणं सांगू नये, हे आमच्या घरात कोणी शिकवलं? आमच्या घरात तर बाबासाहेबांची तसबीर होती, पत्रकं होती, मी होते. देवळात पाय न ठेवणारे आम्ही, बाकी सगळं नाकारलं आणि ही लाज तेवढी लुगड्याच्या पिशवीत शिवून जपली. आई अजून रोज एकदा म्हणते, "म्या विचाराले पाह्यजे होतं." मी तिला नाही म्हणत नाही. मलाही कोणी नाही म्हणू नये. राखेसारखा चेहरा मी पाहिला होता.

दवाखान्याने मामाचे कपडे एका थैलीत दिले होते. आईला ती उघडवेना. दहाव्या दिवसानंतर मी उघडली. धोतर, सदरा, लंगोट, आणि आईच्या हाताने शिवलेली ती पिशवी, शुक्रवारी अंगावर असलेली. थैलीतच वाळून लाकडासारखी कडक झाली होती. मी टाके उसवले. आत पत्रकं होती. आठ-आठ पदरी घड्या, एकावर एक दाबलेल्या, जांघेच्या वळणाने वाकलेल्या. सगळी माझी होती. वसतिगृहाचं जेवण होतं, शाळेचं छप्पर होतं, नालीचा प्रश्न होता. आतल्या पत्रकांची शाई घामाने पसरून निळी झाली होती, मोठे मथळे तेवढे ओळखू येत होते, बारीक अक्षरं वाचता येत नव्हती, पण कागद विरला नव्हता, कुठेही फाटला नव्हता. सर्वांत वरचं पत्रक नवीन होतं. हिंगणीचा गठ्ठा खांद्यावर घेण्याआधी त्यातलं एक त्याने काढून घेतलं असणार. दुमडीच्या वरच्या बाजूला मथळ्याचा अर्धा भाग दिसत होता... "अंगावर काढू नका!"

गेल्या आठवड्यात मी ते रविवारचं लिखाण पुन्हा लिहिलं. बाईंनी सांगितलं तसंच. जांघेत गाठ येत-जात असेल तर दाखवा. आत जाते म्हणून थांबू नका. एखाद्या दिवशी आत गेली नाही, दुखली, लाल झाली, तर दाबू नका. उलटीची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. पुरुष असाल तरी बोला. बाईंनी काढलेली पिशवी आणि शेपूट खाली छापायला दिलं आहे. उद्गारचिन्ह एकही नाही. मामाच्या छापखान्यात आता मालकाचा मुलगा धनराजभाऊ बसतात. प्रूफ पाहून ते म्हणाले, "ताई, एवढा साधा मजकूर हाये, पातळ कागदावर काढून देतो. जाड काऊन पाह्यजे?"

मी पुढच्या खोलीतल्या त्या खाटेवर बसून हे लिहिते आहे. भिंतीवर टाचांचे दोन गोल आहेत. एप्रिलमध्ये चुना मारू तेव्हा ते जातील आणि यंदा पावसाळा लागला तरी पुन्हा उमटणार नाहीत. हिंगणीत, वडनेरात, आणखी कुठे कुठे, आज दुपारीही कोणी तरी असाच टाचा लावून पडला असेल आणि घरात कोणाला तो आळशी वाटत असेल. माझं पत्रक त्याच्या हाती पडलं तर तोही त्याची घडी करून जांघेत ठेवेल, हे मला माहीत आहे. ठेवू दे. घडी घालण्याआधी एकदा तरी वाचेल. आणि कागद टिकला तर दुसऱ्या दिवशी घडी बदलताना पुन्हा एकदा.

धनराजभाऊंना मी म्हटलं, "जाडच काढा."